सागाची अकरा कडी

दिवाळी झाली की बा दाराला बोरीची काटेरी फांदी लावायचा आणि आम्ही कुपावर जायला निघायचो. कूप म्हणजे सरकारने त्या वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा तुकडा. नवापूरच्या सीमेवरच्या डोंगरांत आमचा पाडा. जमीन होती ती उतारावरची, तिच्यात नागली आणि थोडं भात यायचं, ते पौषापर्यंतसुद्धा पुरत नसे. म्हणून ठेकेदाराच्या माणसामागे सगळं कुटुंब निघायचं. बा साग पाडायचा, आई फांद्या छाटायची, मी धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी बसायची. राहायला पानांची झोपडी. पाऊस यायच्या आत परत. श्रावणात घरात दाणा नसला की आई रानातून कडू कंद खणून आणायची, चिरून वाहत्या ओहोळात दिवसभर ठेवायची आणि मग उकडायची. कडूपणा पुरता गेला नसला तर पोटात ढवळत राहायचं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं ते असं होतं.

पण आमची खरी गरिबी वेगळीच होती. आम्ही ख्रिस्ती. आज्याने बाप्तिस्मा घेतलेला. रविवारी बा कुडाच्या मंदिरात, आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो, पहिल्या रांगेत बसून मोठ्याने गायचा. आणि सोमवारी वाटेत खाकी कपडा दिसला की पाच पावलं रानात शिरून झाडामागे उभा राहायचा. काही केलेलं नसायचं तरी. एकदा मी विचारलं, "बा, आपण का लपलो?"

"त्यांनी बघितलं की त्यांना काहीतरी सापडतं," तो म्हणाला.

अशा पाड्यावर एक माणूस आला, तो घंटा वाजवत आला.

स्कूल बोर्डाने आमच्याकडे एक शिक्षक आणि चार वर्ग अशी शाळा काढली होती. खोलीला कडी नव्हती. बोर्डाने दिलेली पितळी घंटा चोरीला जाईल म्हणून गुरुजी ती झोळीत घालून घरी न्यायचे आणि मग घरून पुढे जातील तिथेही न्यायचे. बाजाराला, मंदिराला, ओढ्यावर अंघोळीला. चालताना ती टण टण वाजायची. कोणीतरी सांगितलं, गुरुजी, आतल्या लोळ्याला चिंधी बांधा. तर म्हणाले, "राहू दे. मी येतोय हे लोकांना कळलेलं बरं. कुठे जातोय तेही कळलेलं बरं."

ते नगरकडचे ख्रिस्ती. उंच, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, अंगात एक कोट. त्याची चार बटणं काळी आणि एक पांढरं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमची मावची बोली ते आल्या आल्या बोलायला लागले आणि शेवटपर्यंत चुकीची बोलले. बायका त्यांच्यासमोर तोंडाला पदर लावून हसायच्या. ते विचारायचे, "काय चुकलं? सांगा, उद्या नीट चुकतो."

त्यांची खरी ओळख मात्र सोमवारची. सोमवारी प्रार्थना झाली की ते टोपी काढून हातात धरायचे आणि आदल्या आठवड्यात आपलं काय काय चुकलं ते आम्हा पोरांना सांगायचे. "बुधवारी मी रागावून दगडूला छडी मारली. चूक त्याची नव्हती. मला सकाळपासून दात दुखत होता. दगडू, चुकलो." "शुक्रवारी दुपारी मला झोप लागली आणि तुम्हाला वाटलं मी विचार करतोय. विचार नव्हतो करत. चुकलो." एकदा त्यांनी तापीचा उगम भलत्याच डोंगरात सांगितला होता, तर सोमवारी सगळ्यांना पाटीवर तो डोंगर लिहायला लावला आणि मग थुंकी न लावता पाण्याने पुसायला लावला. पाड्यातले लोक त्यांना पाठीमागे 'चुकलो गुरुजी' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "नाव चांगलं आहे. कामाचं आहे."

एका म्हाताऱ्याच्या गायीला त्यांनी भाजीत शिरली म्हणून दगड मारला होता. दोन दिवसांनी त्याच्या अंगणात घंटा वाजली.

"बाबा, तुमच्या गायीला मी दगड मारला. चुकलो."

"कधी?" म्हातारा म्हणाला. "मला तर माहीतच नाही."

"म्हणून तर आलो."

म्हाताऱ्याने आमच्या बाला येऊन सांगितलं की हा माणूस डोक्याने हलका आहे, पोरीला त्याच्याकडे धाडू नको. बाने ते गुरुजींच्या कानावर घातलं. गुरुजी हसले आणि बाला जे म्हणाले ते आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं बोललं जायचं. "देवाला सांगणं सोपं असतं. त्याला आधीच कळलेलं असतं. ज्याला कळलेलं नाही त्याला सांगायला पाय थरथरतात. माझेही थरथरतात. पण तेवढंच काम देवाने आपल्यावर सोडलंय असं मला वाटतं."

शाळेत त्यांनी धर्माचं अक्षर कधी शिकवलं नाही. बोर्डाची शाळा आहे, मंदिर नाही, म्हणायचे. तिथे पोरं सगळ्या घरांतली होती आणि सगळ्यांना तोच सोमवार होता.

कुपावर गेलेल्या पोरांची शाळा बुडायची, म्हणून ते शनिवारी सकाळची शाळा सुटली की सात-आठ मैल चालत कुपावर यायचे. लांबून घंटा ऐकू आली की आम्ही पाट्या शोधायला लागायचो. तोडलेल्या ओंडक्यांवर बसवून शिकवायचे. रविवारी तिथेच आमची उपासना व्हायची आणि दुपारी परत. ठेकेदाराचा मुकादम त्यांना चिडवायचा. "काय मास्तर, इथली हजेरी कोण मांडतं तुमची?"

"मांडणारा वर बसलाय," गुरुजी म्हणायचे. "तुझीही मांडतो. जरा बायांना पाणी प्यायला सुट्टी दे."

आणि मुकादम देत असे. का देत असे ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या मंदिरात रविवारी साक्ष देण्याची रीत. ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचं, देवाने माझ्यासाठी काय केलं. कोणाचा ताप उतरलेला असायचा, कोणाचा हरवलेला बैल सापडलेला. गुरुजींची साक्ष उलटी. देवासाठी माझ्याकडून काय झालं नाही ते सांगून बसायचे. एका नाताळात, कुपावरून सगळे पाड्यावर आलेले असताना, मंडळीचे वडील, म्हणजे तिचे ज्येष्ठ कारभारी, सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या गुरुजींकडे बघा. या माणसाने उभ्या आयुष्यात खोटं केलेलं नाही."

गुरुजी उठले. "वडिलांनी हे वाक्य मागे घ्यावं," ते म्हणाले. "एक केलंय. मोठं आहे. ते सांगायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. प्रार्थना करा." आणि खाली बसले. त्या दिवशी गूळभात खाताना सगळे तर्क करत होते. कोणी म्हणालं बाईमाणसाचं असेल, कोणी म्हणालं नगरला काहीतरी केलं असेल. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. त्या खोट्याशी माझा संबंध आहे हे मला काय ठाऊक.

चौथी व्हायला मला सहा वर्षं लागली, कारण निम्मं वर्ष कुपावर जायचं. पण झाले. आणि चांगली झाले, हे सांगायला मला लाज नाही. गुरुजींनी बाला बोलावून सांगितलं, तालुक्याच्या गावी मुलींचं बोर्डिंग आहे, राहणं-खाणं फुकट, पाचवीला हिला घालू. आई म्हणाली, "ही गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार?" मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जाऊ दे हिला. मी सांभाळीन."

अर्ज आला. त्यात लिहिलं होतं, मुलीला बारा पूर्ण झालेली नसावीत. शाळेच्या रजिस्टरात मला तेरा पूर्ण होत होती.

बाला वाचता येत नव्हतं, पण वय ऐकून तो हसायलाच लागला. "तेरा कुठली? ही तर अजून..." आणि हाताने उंची दाखवायला लागला. त्या वेळी आमच्याकडे कोणाचीच जन्मतारीख नसे. पोर शाळेत आलं की गुरुजी उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत, डावा कान हाताला लागला तर वय झालं. तारीख सगळ्यांची एक जून. वर्ष अंदाजाने.

"गुरुजी, ब्लेडने जरा खरवडा," बा म्हणाला. "सगळेच करतात. कोण बघतंय?"

गुरुजींनी रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. मी बाच्या मागे उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढली. त्या दिवशी सोमवार नव्हता.

"खरवडणार नाही," ते म्हणाले. "हे लिहिताना मी चुकलो नव्हतो. जाणूनबुजून लिहिलं होतं. मला रविवारपर्यंत वेळ दे."

रविवारी मंदिरात त्यांनी साक्ष दिली. शाळा उघडली त्या वर्षी बोर्डाचा हुकूम होता की सहा वर्षांवरची वीस मुलं भरली तरच शाळा राहील, नाहीतर दुसऱ्या पाड्याला जाईल. एकोणीस भरली. विसावी मी. माझा हात कानाला लागत नव्हता. पाच नीट पूर्ण झालेली नव्हती आणि गुरुजींनी सात लिहिली.

मंडळीचे वडील म्हणाले, "गुरुजी, पण त्याने तर शाळा राहिली. यात पाप कसलं?"

"अर्धं शाळेसाठी लिहिलं," गुरुजी म्हणाले. "अर्धं मला नगरला हात हलवत परत जायचं नव्हतं म्हणून. आज त्याचं ओझं या पोरीच्या डोक्यावर बसलंय. सहा वर्षं मी दर सोमवारी बारक्या बारक्या चुका सांगत आलो, ही एक तेवढी मागे ठेवून."

सोमवारी ते नवापूरला चालत गेले आणि दिपोटींच्या हातात कबुलीचा कागद दिला. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब, गुरुजींची नोकरी त्यांच्या हातात. साहेबांनी कागद वाचून एकच प्रश्न विचारला, तो गुरुजींनी परत येऊन बाला जसाच्या तसा सांगितला. "तुम्ही खोटं तेव्हा लिहिलंत की आत्ता लिहिताय? मुलीला बोर्डिंगमध्ये घालायचंय, वय जास्त भरतंय, आणि नेमकं आज तुम्हाला सत्य आठवलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाने विचारलं.

"म्हणालो, शंका रास्त आहे. ते गुरुवारी तपासणीला येणार आहेत. तोवर पुरावा द्यायचा, नाहीतर रजिस्टर आहे तसंच राहील. आणि अर्जाची मुदत शनिवारी संपते." मग बाला विचारलं, "ही कधी झाली? काहीतरी आठव."

"भात लावायच्या दिवसांत. ओहोळाकाठचा कूप तोडला, त्याच पावसात."

आमच्याकडे पोरांचं वय कुपावरूनच सांगतात, म्हणून नवापूरहून येतानाच गुरुजी फॉरेस्टच्या कचेरीत जाऊन आले होते. जुन्या कुपांचे कागद धुळ्याला गेलेत, महिन्याने या, असं उत्तर मिळालं होतं. ते डोकं धरून ओट्यावर बसले. बा त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "कागद धुळ्याला गेला. खुंट कुठे जातोय?"

बाने त्या कुपात पाडलेला एक मोठा साग ओहोळाच्या वळणावर होता. आई तेव्हा पोटुशी होती आणि दुपारची भाकरी त्या खुंटावर बसून खायची. सागाचा खुंट मरत नाही. पहिल्या पावसात त्याला फुटवा येतो आणि फुटवा वर्षाला एक कडं धरतो. तोडून बघितलं की कडी मोजता येतात. हे जंगलातल्या प्रत्येक माणसाला माहीत.

"हे मला कोणी शिकवलं नाही," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठे?" बा म्हणाला. त्याच्या आवाजात मी पहिल्यांदा थोडी ऐट ऐकली.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघे ओहोळावर गेलो. खुंट होता. त्याच्यावर फॉरेस्टच्या हातोड्याचा शिक्का अजून पुसट दिसत होता आणि बाजूने मनगटाहून जाड फुटवा सरळ वर गेलेला. बाने कुऱ्हाड उचलली. गुरुजींनी ती त्याच्या हातातून घेतली.

"सरकारी झाड आहे. तोडणं गुन्हा आहे. गुन्हा मी करणार."

त्यांना कुऱ्हाड धरता येत नव्हती. एक घाव वर, एक खाली, एक नुसता हवेत. प्रत्येक घावाला झोळीतली घंटा वाजत होती. बा कपाळाला हात लावून बसला. "गुरुजी, अशाने ही पोर लग्नाची होईल." पण त्यांनी दिली नाही. शेवटी फुटवा पडला, बुंध्याशी हातभर तुकडा तोडला. बाने कोयत्याने टोक साफ केलं आणि काट्याने कडी मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकरा. मला अकरावं चालू होतं.

बाला वाटलं झालं. त्याने तुकडा गोणपाटात गुंडाळायला घेतला. गुरुजींनी तो तसाच उघडा खांद्यावर घेतला आणि वाटेला लागले. पण पाड्याच्या नाही, फॉरेस्ट नाक्याच्या.

"तिकडे कुठे?" बा घाबरून म्हणाला.

"गुन्हा सांगायला."

"गार्ड लाकूड जप्त करेल. मग साहेबाला काय दाखवणार? गुरुजी, या पोरीचं शिक्षण तुमच्या खांद्यावर आहे, तुम्ही ते नाक्यावर नेऊन देताय."

गुरुजी थांबले. त्यांचे पाय खरंच थरथरत होते, मी बघितले. "एक खोटं लपवून हिची दोन वर्षं गेली," ते म्हणाले. "आता चोरून आणलेल्या लाकडावर हिला उभं करू? तू घरी जा. तुझं नाव मी घेणार नाही."

ते निघाले, टण टण वाजत. मी बाचा हात सोडून त्यांच्यामागे पळाले. बा कुऱ्हाड घेऊन तिथेच उभा राहिला.

नाक्यावरचा गार्ड शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा. खाटेवर बसून दाढी करत होता. गुरुजींना बघून हसला, पण खांद्यावरचा तुकडा बघितल्यावर वस्तरा खाली ठेवला.

"हाई काय शे, गुरुजी?"

"सागाचा फुटवा. ओहोळाकाठच्या जुन्या कुपातला. मी तोडला. लिहून घ्या."

"कोणी देखं का तुम्हले?"

"नाही."

"मंग घर जा ना. मी बी काही देखं नही."

"आता बघताय की. तुमच्यासमोर उभा आहे."

"मास्तरले धरं म्हणतीन," गार्ड कळवळून म्हणाला. "लोके हसतीन माले."

"मला रोज हसतात. सवय होते."

गार्डने नाइलाजाने वही काढली. कुठला खुंट, शिक्का दिसतो का, किती जाड, सगळं विचारून लिहायला लागला. गुरुजी म्हणाले, "कडी किती तेही लिहा."

"झाडनं वय कोण लिखस?"

"यावेळी लिहा. तुम्ही स्वतः मोजा."

त्याने पेन्सिलीच्या टोकाने मोजली. मोठ्याने मोजली. अकरा. लिहिलं. मग विचारलं, "कुऱ्हाड कोन्ही शे?"

गुरुजी म्हणाले, "ते सांगणार नाही. सांगणार नाही, असंच लिहा."

"मन्ही शे."

मागे वळून बघितलं तर बा. रानातल्या झाडामागे नव्हता, नाक्याच्या अंगणात मधोमध होता, कुऱ्हाड दोन्ही हातांत आडवी धरून. त्याचा आवाज फाटला होता. "मन्ही शे, साहेब. झाड बी मीच दखाडं. पोर मन्ही शे."

गार्डने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बस तठे," म्हणाला. पंचनाम्यावर बाने अंगठा दिला. त्याआधी बाचा अंगठा दुसऱ्यांनी धरून कागदावर उमटवला होता. या वेळी त्याने आपला आपण शाईत बुडवला. लाकूड जप्त झालं. कुऱ्हाडही जप्त झाली, ती पुढे पावसाळा संपल्यावर परत मिळाली. तोवर बाने उसन्या कुऱ्हाडीवर काम केलं आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

गुरुवारी दिपोटी साहेब आले. तपासणी झाली. साहेबांनी विचारलं, "पुरावा कुठाय?"

"फॉरेस्ट नाक्यावर जप्त आहे, साहेब. चालत दोन मैल."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ते आले, हे त्यांचं मोठेपण. पुढे गुरुजी घंटेसकट, मागे साहेब, मागे बा, आई, मी. नाक्यावर गार्डने खाट झटकून दिली आणि तुकडा आणून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी चष्मा पुसून कडी मोजली.

"अकरा आहेत. पण हे लाकूड त्याच खुंटाचं कशावरून? कुठलंही अकरा वर्षांचं लाकूड आणता येतं."

मला वाटलं संपलं. गार्डने वही उघडून पुढे केली. साहेबांनी वाचलं. ओहोळाच्या वळणावरचा खुंट, हातोड्याचा शिक्का, त्याच खुंटाचा फुटवा, कडी अकरा. गार्ड म्हणाला, "मी जाईसन देखी उनू, साहेब. खुंटले घाव ताजा शे. सतरा घाव शेत." तो दुसऱ्या दिवशी खुंट बघून आला होता. गुन्हा नोंदवला की बघावंच लागतं.

साहेबांनी वही दोनदा वाचली. बोर्डाच्या मास्तरने आणलेलं लाकूड त्यांनी मानलं नसतं. पण आता ते मास्तरचं लाकूड नव्हतं, सरकारच्या दुसऱ्या खात्याचा मुद्देमाल होता, सहीशिक्क्याचा.

"आणि ही मुलगी त्याच पावसातली कशावरून?"

आई कधी कुठल्या साहेबापुढे बोलली नव्हती. पदर डोक्यावरून पुढे ओढून, जमिनीकडे बघत तिने आमच्या बोलीत सांगितलं आणि गुरुजींनी त्याचं मराठी केलं. "त्या खुंटावर बसून मी भाकरी खाल्ली. ही पोटात लाथा मारायची. पोट माझं होतं. मला माहीत."

साहेब थोडं हसले. "गुरुजी, एका गुन्ह्याचा पुरावा तुम्ही दुसऱ्या गुन्ह्याने दिलात."

"हो साहेब. दोन्ही लिहून घ्या."

दोन्ही लिहिले गेले. रजिस्टरात माझ्या वयावर तांबड्या शाईची रेघ पडली, शेजारी खरं वर्ष, खाली साहेबांची सही. तिथे एक जूनही राहिला नाही. भात लावणीचा महिना लिहिला. अर्ज शुक्रवारी पोचला. गुरुजींची बदली झाली, तोरणमाळच्या वरच्या एका पाड्यावर, जिथे जायला कोणी मास्तर तयार नसायचा. बाने विचारलं, "शिक्षा ना ही?" ते म्हणाले, "चढ मोठा आहे एवढंच."

शेवटच्या सोमवारी त्यांनी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. "तुझं वय मी दोन वर्षांनी वाढवलं. चुकलो." मी दहा वर्षांची पोर, काय बोलणार. "बरं, गुरुजी," एवढंच म्हणाले. घंटा बोर्डाची होती, ती ठेवून गेले. पहिल्यांदाच ते वाटेने आवाज न करता चालत गेले आणि कितीतरी वेळ कोणाला कळलंच नाही की ते गेले.

त्यानंतर बा खाकी कपडा बघून वाटेतून बाजूला झाला नाही. गार्ड समोरून आला की रामराम करायचा, आणि तो गार्डही हसून विचारायचा, "पोर काय म्हणस? शिकी ऱ्हायनी ना?"

शिकत होते. बोर्डिंगमध्ये पाचवी ते सातवी, मग हायस्कूल, मग धुळ्याला कॉलेज. कॉलेजात माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एक जूनला यायचा. माझा यायचा नाही. मी दरवर्षी गुरुजींना पत्र टाकायची. त्यांचं उत्तर कार्डावर चार ओळींचं, त्यात दोन ओळी त्या महिन्यात काय चुकलं त्याच्या.

मी बी.ए. झाले. आमच्या पाड्यातली पहिली, मुलगा-मुलगी धरून पहिली. निकाल लागला तेव्हा मला बाविसावं चालू होतं. कागदावरही बाविसावंच.